एक्केचाळिसावा कॅमेरा

कट्.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कट्.

दुपारचे अडीच वाजले असतील. सनू माझ्या दंडावर डोकं ठेवून नुकतीच झोपली होती आणि बाहेरच्या खोलीत अण्णा कॅमेऱ्यांची कवायत घेत होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून दर गुरुवारी दुपारी हा आवाज मी ऐकत आले होते. कुकरच्या शिट्टीसारखा तो घरातलाच झाला होता. पण त्या दिवशी एक कट् झाला की पुढचा यायला फार वेळ लागत होता. सनूचं डोकं उशीवर सरकवून मी बाहेर गेले.

अण्णा, माझे सासरे, खिडकीशी बसले होते. मांडीवर पिवळं फडकं, फडक्यावर काडेपेटीएवढा एक कॅमेरा. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, त्याच्या शेजारी बघत होते. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेल्यापासून त्यांना कडेचंच तेवढं दिसायचं. एखाद्याकडे नीट बघायचं तर त्यांना नजर त्याच्या खांद्यापलीकडे न्यावी लागे. नवीन माणसाला वाटायचं, हे आपल्याशी बोलताना दुसऱ्याच कुणाकडे बघतायत.

"त्रिशला, याचा नंबर वाच गं," ते म्हणाले. "मला नुसत्या मुंग्या दिसायल्यात."

मी वाचला. त्यांनी तो मनातल्या नंबराशी जुळवला आणि मान हलवली. मग पुण्याचे कुणी दामले रविवारी येणार आहेत, यादी करायची आहे, असं म्हणाले. कसली यादी ते मला विचारावं लागलं नाही.

अण्णांनी मिरजेच्या एका दवाखान्यात एकतीस वर्षं एक्स-रे काढले. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यात आयुष्य गेलं आणि त्यातूनच हा नाद लागला, मुठीत मावणाऱ्या कॅमेऱ्यांचा. कपाटाच्या तीन खणांत एक्केचाळीस होते. जपानी, इटालियन, रशियन. एक लायटरच्या आकाराचा होता, आमच्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, एकदा त्यानं गॅस पेटवायचा प्रयत्न केला होता. या सगळ्या कॅमेऱ्यांचे फोटो नखाएवढे यायचे. माझा नवरा, अभिनंदन, म्हणायचा, माझं सगळं बालपण भिंगातून बघावं लागतं.

कवायत म्हणजे काय, तर प्रत्येक कॅमेरा उघडायचा, बटण दाबायचं, मिटायचा. पाच-पाच वेळा. "गुडघ्यासारखं असतंय," अण्णा सांगायचे, "चालवलं नाही की धरतंय." फक्त जर्मन मिनॉक्स कवायतीला नसायचा. बोटभर लांब, चपटा, रुपेरी. दोन टोकं धरून ओढला की उघडतो, ढकलला की मिटतो. त्याचं मूळ पाकीट, मूळ डबी, मूळ साखळी, सगळं जागेवर. साखळीला ठरावीक अंतरांवर मणी होते. एवढ्या छोट्या कॅमेऱ्यानं अगदी जवळचा फोटो घ्यायचा तर अंतर डोळ्यांना कळत नाही. साखळी ताणायची, मणी जिथं येईल तिथं वस्तू. अण्णांचा हा सर्वांत लाडका, आणि तोच तेवढा ते कधी उघडत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तो झोपलाय. उठवू नको."

आता मधलं दिसेनासं झालं, कडेचंही कधी जाईल सांगता येत नव्हतं. दिसतंय तोवर हे सगळे कुणा एकाच्या हाती सोपवावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. पुण्यातले एक डॉक्टर असल्याच कॅमेऱ्यांचं छोटंसं संग्रहालय करत होते आणि त्यांच्यासाठी पारख करायला दामले येणार होते.

"एकत्र जावेत," अण्णा म्हणाले. "विखरले की संपलं. मग ती नुसती खेळणी."

रविवारी अभिनंदन सनूला घेऊन जयसिंगपूरला बहिणीकडे गेला. कामाचं निमित्त केलं, पण कपाट रिकामं होताना त्याला बघायचं नव्हतं. लहानपणी ज्यांच्यावर रुसायचं ते घरातून जाताना बघणं कठीण जातं, हे मला तेव्हा कळलं.

दामले साठीचे होते. बारीक, टापटीप. दारातच म्हणाले की लोक मिरजेला तंबोरे घ्यायला येतात, कॅमेरे बघायला येणारा मी पहिलाच असेन. पातळ पांढरे हातमोजे चढवले, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग लावलं आणि चहा थंड होऊ दिला. मी वही घेऊन बसले. ते आधी कॅमेऱ्याचा नंबर बघत, मग भिंगात बुरशी आहे का ते, मग कॅमेरा कानाशी नेऊन बटण दाबत. डोळे मिटून ऐकत. गवई तानपुरा लावतो तसं. आणि मला सांगत, "लिहा. शटर साफ. पाकीट मूळचं." किंवा, "लिहा. हळू गतीला अडखळतो."

एका जपानी कॅमेऱ्याला त्यांनी हातही लावला नाही. असले जत्रेत मिळायचे, याचं काही येणार नाही, म्हणाले. अण्णा म्हणाले, जत्रेतच घेतलाय, लग्नानंतर पहिल्यांदा अक्काला घेऊन गेलो होतो तेव्हा. दामल्यांनी भिंग वर केलं, अण्णांकडे बघितलं, मग तो कॅमेराही कानाशी नेला. "लिहा," मला म्हणाले, "आवाज गोड."

चार वाजेपर्यंत चाळीस झाले. अण्णा खुशीत होते. मग त्यांनी मिनॉक्सची डबी स्वतःच्या हातानं पुढे ठेवली.

दामल्यांनी पाकीट बघितलं, साखळीचे मणी बोटांनी मोजले, नंबर वाचला. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. कॅमेऱ्याची टोकं धरून ते ओढणार एवढ्यात अण्णा म्हणाले, "उघडू नका."

"का हो?"

"तो चालवत नाही आम्ही."

"किती वर्षं?"

"चार."

दामल्यांनी कॅमेरा फडक्यावर ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले की चार वर्षं न हललेल्या शटरबद्दल मी डॉक्टरांना काय लिहून देऊ? उघडून बघितल्याशिवाय माझी सही होत नाही. आणि डॉक्टरांना मुख्य हवा आहे तो हाच. हा नसेल तर ते बाकीच्यांतले आठ-दहा निवडून घेतील, उरलेल्यांना मला वेगवेगळी घरं शोधावी लागतील.

अण्णा फडक्याची कड सारखी करत राहिले. ते असं करायला लागले की मला बघवत नसे. चाळीस कॅमेऱ्यांना एक घर मिळत होतं आणि एकासाठी ते मोडत होतं, आणि तेही उगीच, कारण मला माहीत होतं की त्या शटरला काही झालेलं नाही.

"तो चालतो की," मी म्हणाले. "मी चालवलाय."

अण्णांची बोटं थांबली. "कधी?"

"फेब्रुवारीत. तुम्ही डोळ्यांच्या इंजेक्शनांसाठी तीन आठवडे पुण्याला होता तेव्हा. तुमची कवायत चुकू नये म्हणून मीच घेत होते. रोज."

"याचीपण?"

"तो एकटाच कशाला मागे ठेवायचा, असं वाटलं मला. त्याला तर जास्तच, दिवसाला दोनदा, कधी तीनदा. इतकी वर्षं पडून होता म्हणून."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा मात्र कुणीतरी दिवा मालवावा तसा झाला.

"आकडा बघ," ते म्हणाले. "वरच्या छोट्या खिडकीत आकडा असतो. कितीवर आहे?"

मी बघितलं. "शून्य."

"अठ्ठेचाळीसवर होता," अण्णा म्हणाले. मला नाही, दामल्यांनाही नाही.

दामल्यांना माझ्याआधी कळलं. ते पुढे झुकले. "आत फिल्म आहे?"

अण्णांनी मान डोलावली. आणि मला विचारलं, "याचं मागचं झाकण सरकतंय. ते कधी ओढलंस?"

"नाही. सरकतं हेच मला माहीत नव्हतं."

"नक्की?"

"नक्की, अण्णा."

"मग काही गेलेलं नाही," दामले म्हणाले, आणि मला समजेल अशा शब्दांत त्यांनी सांगितलं. हा जुना कॅमेरा उघडून मिटला की फिल्म एक घर पुढे जाते, फोटो काढा नाहीतर काढू नका, आणि खिडकीतला उरलेल्या घरांचा आकडा एकानं उतरतो. म्हणूनच अण्णा तो उघडत नसत. मी पन्नासाची अख्खी फिल्म फिरवून पलीकडच्या डबीत घातली होती. "आधीचे दोन फोटो आहेत तसे आहेत. तुम्ही पुढचे अठ्ठेचाळीस काढलेत, बस. पंख्याचे असतील, पदराचे असतील." मग अण्णांकडे वळून त्यांनी सहज विचारलं, "कशाचे आहेत ते दोन?"

अण्णा साखळीचे मणी चाचपू लागले. दामल्यांनी हातमोजे काढले, हात धुऊन येतो म्हणाले आणि परसात गेले. आत बादली भरल्याचा आवाज येत राहिला, हात धुवायला लागतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

"तू कधी विचारलंच नाहीस," अण्णा म्हणाले.

"काय?"

"दुसरीबद्दल."

सनू सातव्या महिन्यात झाली. मला झटके आले होते, दोन दिवस शुद्ध नव्हती. जागी झाले तेव्हा खाटेच्या एका बाजूला माझी आई, दुसऱ्या बाजूला अक्का. दोघी होत्या, एक राहिली, असं आईनं सांगितलं. तीन तास होती म्हणे. अभिनंदन आणि त्याचे काका तिला घेऊन गेले आणि मोकळ्या हातानं परत आले. कुठं, कसं, ते मला कुणी सांगितलं नाही. जी आहे तिच्याकडे बघ, आई म्हणाली, आणि मी बघत राहिले. बारसं एकीचं झालं. दुसरीला नाव नव्हतं, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचं तर सुरुवात कुठून करायची तेही कळत नसे. जिला मी पाहिलंच नाही तिची आठवण येते, हे कुणाला सांगणार? अभिनंदनसमोर एकदा विषय काढला तर तो उठून गॅलरीत गेला. मग मीही काढला नाही.

"तिथली सिस्टर माझ्या ओळखीची," अण्णा खाली बघत सांगत होते. "काचेची पेटी रिकामी नव्हती अजून, म्हणून दोघींना एकाच दिव्याखाली शेजारी निजवलेलं. मला म्हणाली, अण्णा, दोन मिनिटं या. मोबाईल बाहेर ठेवून घेतले होते. हा माझ्या खिशात असायचाच. साखळी ताणली, मणी बघितला आणि दाबलं. दोनदा. आवाजपण झाला नाही." त्यांनी तोंड वर केलं. "तेव्हा दोघी हात हलवत होत्या, त्रिशला. दोघी."

मी वहीवर हात ठेवून बसले होते. हाताखालच्या पानावर माझ्याच अक्षरात 'शटर साफ' असं लिहिलेलं होतं.

"अक्काला सांगितलं तर तिनं शपथ घातली. सुनेला दाखवायचं नाही, झुरून जाईल. मी म्हटलं, दाखवत नाही, फिल्म धुतपण नाही. पण फेकणारपण नाही. दोन वर्षांमागं ती गेली. मग वाटलं, आता तू विचारशील. विचारलंस की धुवू. वाट बघण्यात डोळे गेले माझे."

"मला वाटायचं, कुणीतरी आपणहून सांगेल."

परसातला बादलीचा आवाज थांबला.

दामले आत आले तेव्हा अण्णांनी कॅमेरा उचलून त्यांच्यासमोर धरला. "काढा," म्हणाले.

दामल्यांच्या सामानात बाह्या असलेली, आत उजेड न शिरणारी एक काळी पिशवी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून, वर आढ्याकडे बघत, त्यांनी फिल्मची डबी काढली. ती हरभऱ्याच्या घाट्यापेक्षा फार मोठी नसेल. ती एका काळ्या डबीत, ती डबी शर्टाच्या आतल्या खिशात. त्यांनी स्पष्ट सांगितलं, चार उन्हाळे काढलेली फिल्म आहे, वचन देत नाही.

"वचन नको. धुवा फक्त," मी म्हणाले. "आणि जे काही येईल ते मला पाठवा. माझ्या नावानं."

त्यांनी वहीत माझं नाव लिहून घेतलं. मग रिकामा कॅमेरा कानाशी नेला. उघडला, दाबला, मिटला. "लिहा," मला म्हणाले, "शटर उत्तम. नियमित चालवलेलं." आणि अण्णांना, "मग? यादीत?"

"न्या. आता त्यात काही नाही. साखळी तेवढी ठेवतो."

"साखळीशिवाय भाव उतरेल, अण्णासाहेब."

"उतरू दे."

दामल्यांनी यादी पुढे ओढली. "बरं. डॉक्टरांना सांगतो, मुळातच नव्हती म्हणून."

"खोटं कशाला? सांगा, घरात लागते."

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. दामल्यांना तसंच बसवलं. भाकरी मोडताना ते म्हणाले, डोळ्यांवर ऊन घेऊन रात्रीचं जेवण मी आज पहिल्यांदाच जेवतोय. अण्णा हसले. कपाट उघडंच होतं, तिन्ही खण रिकामे, आणि ते हसले.

पुढचे सतरा दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. अभिनंदनला सांगितलं तेही अर्धंच, एक जुनी फिल्म धुवायला गेलीय म्हणून. त्यानं कशाची ते विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून आला की चप्पल काढायच्या आधी टपालाकडे बघायला लागला. तेव्हा मला कळलं की त्याला ठाऊक आहे. कदाचित पहिल्यापासून ठाऊक होतं.

सनू आता आठ वर्षांची आहे. ती शाळेतून येईपर्यंतचा वेळ माझा असतो, त्यात हे लिहितेय. तेव्हा ती चारची होती, अर्धा दिवस बालवाडीत जायची, साडेबाराला यायची. पाकीट आलं ते बाराला.

आत दामल्यांची चार ओळींची चिठ्ठी होती. पहिला फोटो धुरकटून गेला, वाचवता आला नाही, दुसरा आला आहे. पुढच्या अठ्ठेचाळिसांतले सदतीस आले आहेत, तेही पाठवतो, टाकवले नाहीत. सोबत पट्टी होती, नखाएवढ्या चौकटींची. पंखा. माझा पदर. अण्णांची रिकामी खुर्ची. सनूचा गुडघा. सनूचा डोळा, नुसता डोळा, कॅमेऱ्याला चिकटलेला. आणि या सगळ्याच्या आधी, पट्टीच्या टोकाला, तो एक. तो त्यांनी तळहाताएवढा मोठा करून पाठवला होता.

मी अण्णांच्या शेजारी जाऊन बसले.

"आलाय?" त्यांनी विचारलं.

"आलाय."

"मला दिसणार नाही. सांग."

मी सांगितलं. रवाळ आहे, वाळूत काढल्यासारखा. खाली चुरगळलेलं कापड आहे. दोघी एकमेकींकडे तोंड करून आहेत. दोघींच्या डोक्यावर सारखीच टोपी, कपाळापर्यंत ओढलेली. एकीची मूठ दुसरीच्या हनुवटीखाली आहे. तोंडं अगदी सारखी आहेत, अण्णा. एकीचा पाय हललाय, तिथं नुसता पांढरा ठिपका आलाय.

"हलला होता," अण्णा म्हणाले. "बरोबर."

मग त्यांनी खिशातून साखळी काढून माझ्या हातात दिली. कुठला मणी ते बोटानं दाखवलं. मी फोटो टेबलावर ठेवला, साखळीचं एक टोक फोटोवर टेकवलं आणि तो मणी डोळ्यांपाशी येईपर्यंत वाकले. इतक्या जवळून अण्णांनी त्यांना पाहिलं होतं. मी तशीच बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही, कारण फाटक वाजलं आणि सनू आत आली तेव्हाही मी तशीच होते.

दप्तर दारात टाकून ती माझ्या मांडीवर चढली. "काय बघतेस?"

लपवायचं नाही, हे सतरा दिवसांत माझं ठरलं होतं. या घरात लपवून पुष्कळ झालं होतं. मी म्हणाले, "ही तू आहेस. जन्मलीस त्या दिवशीची. आणि तुझी बहीण. ती तुझ्याबरोबर आली होती, पण राहिली नाही."

तिनं फोटो दोन्ही हातांत धरला. नाक लागेल इतका जवळ नेला, मग लांब धरला. अण्णांनी मान थोडी वळवली आणि नजर आमच्या खांद्यापलीकडे नेली. म्हणजे ते आमच्याकडे बघत होते. सनूनं आधी एकीवर बोट ठेवलं, मग दुसरीवर, मग पुन्हा पहिलीवर.

"आई," ती म्हणाली, "यातली मी कुठली?"